नुसते ओठ हलव

१

विनिफ्रेड ट्रास्कला सगळं गाव विनी म्हणत असे. रविवारची प्रार्थना आटोपली, घरी जाऊन चार घास पोटात ढकलले, की बरोब्बर दोन वाजता ती चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये हजर. एकतीस वर्षं हाच शिरस्ता. हार्लो फॉल्सच्या गायनमंडळात साठ माणसं होती. कागदगिरणीतले मुकादम, शाळेतल्या बाया, दोन दंतवैद्य, आणि घरी कुणी ऐकून घेत नाही म्हणून इथे येऊन गळा मोकळा करणारे बरेचसे. खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायकांची, म्हणजे आल्टोंची, प्रमुख विनी. या कामाला पगार नव्हता, पण मान होता, आणि मानाची तिला भारी हौस.

त्या वर्षी मंडळाने मोठाच घास घेतला होता. वाद्यवृंद आणि गायकवृंद मिळून सादर करायची एक सिंफनी. तिचे चार भाग, आणि प्रत्येक भागात देशातल्या जुन्या कवींची एकेक कविता. शाळेत सगळ्यांनी घोकलेल्या, आणि म्हणूनच कुणी कधी नीट न वाचलेल्या. पहिली समुद्राची, दुसरी बर्फाची, तिसरी एका एकट्या बाईची, आणि शेवटची युद्धात पडलेल्या पोरांची. मेअखेर, सैनिकांच्या थडग्यांवर झेंडे लावतात त्या दिवशी, टाउन हॉलमध्ये गायची होती.

सगळी मेख शेवटी होती. कविता संपते, शब्द संपतात, आणि गायकवृंद तोंड उघडं ठेवून एकच स्वर धरून राहतो. चांगली पावणेदोन मिनिटं. एवढा दम कुणाच्या छातीत असतो? म्हणून शेजारच्या दोघींनी आपसात ठरवून घ्यायचं. एकीने श्वास घेतला की दुसरीने घ्यायचा नाही. सगळे चोरून, पाळीपाळीने श्वास घेतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हे लोक श्वासच घेत नाहीत.

विनीची शेजारीण मायरा कोबर्न. वय एकोणऐंशी, नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, मूलबाळ नाही. दोघींना काही ठरवावं लागत नसे. मायरा श्वास घेताना तिच्या नाकातून बारीक शीळ यायची. ती ऐकली की विनी मनात चार मोजायची आणि मग आपला श्वास घ्यायची.

मार्चमधल्या एका रविवारी तो शेवटचा स्वर चालू असताना संचालक लेलँड ऑसगुड यांनी हात वर केला. सगळे थांबले.

"आल्टो, दुसरी रांग," ते म्हणाले. "कुणीतरी खाली घसरतंय."

कोण, ते त्यांनी बोलून दाखवलं नाही. मंडळात तशी पद्धतच नव्हती. संचालकाने प्रमुखाच्या कानात सांगायचं, प्रमुखाने त्या माणसाला एकटं गाठून सांगायचं, आणि त्या माणसाने त्या दिवसापासून फक्त ओठ हलवायचे. खुर्ची तीच, कार्यक्रमातला काळा पोशाख तोच, नाव छापील यादीत तसंच. आवाज तेवढा काढायचा नाही. बाकी कुणाला पत्ता लागू द्यायचा नाही. याला मंडळात 'ओठांवर ठेवणं' म्हणत, आणि त्यात मोठी माणुसकी आहे असं सगळ्यांना वाटे.

मधल्या सुट्टीत ऑसगुड कॉफीचा कप घेऊन विनीजवळ आले. "कोण ते तुमच्या लक्षात आलंच असेल."

"मायराचं आता वय झालं," विनी म्हणाली.

विचार करायच्या आधीच ते तोंडातून निघून गेलं होतं.

२

मायराला घरी सोडायचं काम विनीचंच असे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वितळत्या बर्फाचा काळा चिखल साचला होता. मायराच्या फाटकाशी विनीने गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही.

"मायरा, एक बोलायचं होतं. ऑसगुडनी सांगितलंय. मला सांगितलंय, म्हणजे मी सांगायचं असं."

"अगं, बोल की. मुलीचं लग्न मोडल्यासारखं तोंड काय करतेस?"

"तो शेवटचा स्वर आहे ना. तू जराशी... खाली जातेस."

मायराने मांडीवरची पर्स उगाच उघडून मिटली. "मी?"

"थोडंसंच. कुणाच्या लक्षातही येत नाही."

"ऑसगुडच्या तर आलं." ती कसनुसं हसली. "मला वाटत होतं, मी बरी गातेय. गळा गेला की कान पण जातो म्हणतात, तसं झालं असेल. बरं. मग ओठांवर ना?"

"नुसते ओठ हलव. एवढा एकच कार्यक्रम."

"हलवते की. तू म्हणतेस म्हणजे काहीतरी पाहूनच म्हणत असशील." तिने विनीचा हात थोपटला आणि चिखल चुकवत घरात गेली.

त्या थोपटण्याने विनीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण एक गोष्ट तिला ठाऊक होती. पुरती नाही, पण होती. नाताळनंतर तिचा स्वतःचा गळा बिघडला होता. खालचा स्वर धरला की मधूनच पाय निसटल्यासारखा तो खाली जायचा. भांडी घासताना, अंघोळ करताना तिने स्वतःच्या कानांनी ते ऐकलं होतं, आणि दर वेळी सर्दीवर ढकललं होतं.

पुढच्या रविवारी मायरा ओठांवर होती. शेवटचा स्वर सुरू झाला आणि ऑसगुडच्या कपाळावर तीच आठी उमटली. आता शंकेला जागाच उरली नाही. तेव्हा उठून सांगितलं असतं तर दोन मिनिटांची नाचक्की, बस्स. विनी मूग गिळून बसली. तिने फक्त आपला आवाज हळू केला, इतका की आठी गेली.

३

एप्रिल लागला. आधी विनीला काय चुकतंय तेच कळेना. शेवटच्या स्वरात ती सारखी चुकीच्या जागी श्वास घेऊ लागली. एकतीस वर्षांत असं झालं नव्हतं. मग लक्षात आलं, मायराची ती बारीक शीळ येत नव्हती.

येणार कशी? जी गातच नाही तिला दम कशाला लागेल? विनीने स्वतःला समजावलं. पुढच्या खेपेला मात्र तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. मायराचं तोंड उघडं होतं, गाणाऱ्याचं असावं तसं गोल. गळ्याशी एक रेशमी रुमाल सैल बांधलेला होता. पावणेदोन मिनिटं झाली. रुमालाची घडी हलली नाही. स्वर संपला, साठ माणसांनी खोकून, खाकरून, खुर्च्या सरकवून श्वास घेतले. मायराने तोंड मिटलं, बस.

"म्हातारी माणसं श्वास हळूच घेतात," विनी मनाशी म्हणाली. ते खरंही असेल.

सुट्टीत डॉटी फर्नाल्ड कॉफी वाढत होती. डॉटी पहिल्या रांगेतली, अतिशय प्रेमळ आणि अतिशय बोलघेवडी. "मायरा, दूध घालू ना? घालतेच. अगं, माझ्या सुनेने काय केलं ऐक..." मायराचे ओठ हलले. डॉटीने दूध घातलं आणि सुनेकडे वळली. आपल्याला उत्तर ऐकू आलं की नाही, हे डॉटीला आयुष्यात कधी जाणवलं नव्हतं.

विनीला ते जाणवलं. ती हातभर अंतरावर उभी होती आणि तिला काहीच ऐकू आलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर तिने मुद्दाम विचारलं, "मायरा, या वर्षी वाटाणा कधी पेरणार?" मायरा तिच्याकडे वळली. ओठ हलले, सावकाश, चांगलं लांबलचक उत्तर. भुवया वर गेल्या, शेवटी थोडं हसूही आलं. गाडीत फक्त इंजिनाची घरघर होती.

"हो ना," विनी म्हणाली.

काय हो ना, ते तिचं तिलाही माहीत नव्हतं. पुन्हा विचारायला तिची जीभ रेटेना. कुणाला गप्प बसवायचं आणि वर 'बोलत का नाहीस' म्हणून विचारायचं, ते तरी कुठल्या तोंडाने?

४

दोन रविवारांनी ऑसगुडनी तो स्वर पूर्ण होऊ दिला आणि हात खाली घेतले.

"आल्टो," ते म्हणाले, "आज कुठून आणलात हा आवाज?"

पहिल्या रांगेतून डॉटीने वळून विनीकडे अंगठा उंचावला. विनीलाही ते कळलं होतं. स्वर तिच्या गळ्यातून सरळ निघाला होता, भरदार, तळाशी किंचित खरखर असलेला. कुठे निसटला नाही. खालच्या स्वरावर तो एकदम न पडता, वरून अलगद उतरला होता. असं उतरणं ही मायराची खोड. तीस वर्षं विनीने त्या खोडीचा मनातून हेवा केला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. विनीने उचलून "हॅलो" म्हटलं.

"अगं बाई, मायरा?" पलीकडे डॉटी होती. "मी तर विनीचा नंबर लावला! थांब, ठेव, पुन्हा लावते."

पुन्हा घंटा वाजली तेव्हा विनीने उचलला नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःचं नाव मोठ्याने उच्चारत होती. थांबून पुन्हा उच्चारत होती. आपला आवाज आतून आपल्याला वेगळाच ऐकू येतो, असं कुणीसं सांगितलं होतं. वय झालं की तो बदलतोही. कारणं हवी तेवढी होती.

त्या आठवड्यात ऑसगुडनी तिला बोलावून घेतलं. तिसऱ्या भागात, एकट्या बाईच्या कवितेत, आठ मापांची, म्हणजे तालाच्या आठ आवर्तनांएवढी, एक ओळ एकट्या आल्टोसाठी होती. ती विनीने गावी.

"खरं सांगू? ही ओळ मी मनात मायरासाठी धरली होती, त्यांचा गळा चांगला होता तेव्हा," ते म्हणाले. "बरं, त्यांचंही आता काहीतरी बघायला हवं. कार्यक्रम संपला की सगळ्या गावासमोर फुलांचा गुच्छ देऊ, टाळ्या होतील, आणि पुढच्या वर्षीपासून त्यांना सुट्टी. त्यांना आधी कल्पना द्या. तुम्ही सांगितलंत की त्या मानतात."

मायराच्या आठवड्यात रविवार सोडला तर काय होतं? एक मांजर आणि वाटाण्याचा वाफा. आता एक वाक्य बोललं की झालं: ती नव्हे, मी.

"सांगते," विनी म्हणाली. आणि ती आठ मापं घरी नेऊन तिने तालीम केली. इतकं सुंदर ती जन्मात कधी गायली नव्हती. गाताना तिला आनंद होई, आणि गाणं थांबलं की स्वतःची किळस येई.

५

गुरुवारी दुपारी ती मायराकडे गेली. काकवी घालून केलेला पाव फडक्यात गुंडाळून नेला होता. मोकळ्या हाताने जायला धीर होत नव्हता.

मायरा स्वयंपाकघरात होती. खिडकीतून स्वच्छ ऊन आलं होतं. मायरा काम करताना नेहमी गुणगुणायची, अगदी कांदा चिरतानाही. आज भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक, फ्रीजची गुरगुर आणि मांजराचं घसा फुगवून घुरघुरणं, एवढंच होतं. मायराने खुर्ची ओढली, किटली ठेवली, कप काढले. सगळं नेहमीच्या सवयीने. कप बशीत टेकला तेव्हा विनी त्या आवाजाची वाट पाहत होती. आवाज झाला की नाही हे तिला नंतर कितीही आठवून सांगता आलं नाही.

"मायरा," ती म्हणाली, "मी तुझ्याशी खोटं बोलले."

निदान असं म्हणायला तिने सुरुवात केली. पण पहिलाच शब्द त्या खोलीत पडला आणि ती थबकली. त्या भिंतींनी पन्नास वर्षं तो आवाज ऐकला होता, आणि तिथे तो जागच्या जागी बसला. मांजराने मान वर करून विनीकडे पाहिलं, उडी मारून ते तिच्या पायाशी आलं आणि अंग घासू लागलं. विनीला ते मांजर कधी जवळ येऊ देत नसे.

मायरा किटली हातात धरून तिच्याकडे बघत होती. रागाने नाही. आपला कोट दुसऱ्याच्या अंगावर दिसावा आणि विचारावं की विचारू नये असं व्हावं, तशी. मग तिचे ओठ हलू लागले. सावकाश, एकेक शब्द वेगळा. पाहिलं असतं तर विनीला तो वाचता आला असता.

विनीने खाली पाहिलं.

"पाव गरम आहे, लगेच खा," असं पुटपुटून ती उठली. दार लावायलाही थांबली नाही. गाडीत बसल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडू आलं तेही मायराच्या आवाजात, म्हणून तिने ते दाबलं.

६

शनिवारी सकाळी टाउन हॉलमध्ये शेवटची तालीम होती. उंच खिडक्यांतून ऊन थेट मंचावर येत होतं. वाद्यवृंद खाली, गायक मागे पायऱ्यांवर. सगळ्यांच्या हातात काळ्या फायली, त्यात स्वरांचे कागद.

"सांगितलंत ना त्यांना?" ऑसगुडनी येता येता विचारलं.

"हो," विनी म्हणाली. ही दुसरी थाप होती, आणि पहिलीपेक्षा सहज निघाली. परवा सगळ्या गावासमोर मायराच्या हातात गुच्छ येईल आणि कशासाठी ते तिला तिथेच कळेल.

एकट्या बाईच्या कवितेत विनी आपली आठ मापं गायली. व्हायोलिनवाल्यांनी गजाने स्टँडवर टकटक करून दाद दिली. तिने डावीकडे पाहिलं. मायरा बसल्या जागी ओठ हलवत होती, तीच ओळ, तेच शब्द, एक अक्षरही मागेपुढे नाही. विनीचं गाणं संपलं त्याच क्षणी तिचे ओठ मिटले.

तेव्हा विनीला सहन होईना. शेवटच्या भागासाठी ऑसगुड पानं उलटत होते. विनी उठून उभी राहिली. आता बोलायचंच हे ठरलं होतं, आणि ठरलं याचंच तिला केवढं हलकं वाटलं.

तिने तोंड उघडलं. शब्द जिभेवर आले, ओठांनी ते घडवले, सगळं तिला स्पष्ट जाणवलं.

"खाली घसरणारी मी होते. पहिल्यापासून मीच. मला माहीत होतं आणि मी गप्प बसले."

सगळ्या हॉलने ते ऐकलं. आणि सगळा हॉल मायराकडे वळला.

आवाज डावीकडून आला होता. भरदार, तळाशी खरखर असलेला, तीस वर्षं सगळ्यांच्या ओळखीचा. मायराने फाइल तोंडासमोर धरली होती, म्हातारी माणसं ओशाळली की धरतात तसं. समोरून लोकांना फायलीच्या वर तिचे डोळे तेवढे दिसत होते. विनी उभी होती, तिला वरून फायलीमागचं दिसलं. मायराचं तोंड उघडं होतं, शेवटच्या स्वरासाठी उघडतात तसं गोल, आणि ते हलत नव्हतं. ओठ नाहीत, जीभ नाही, काहीच हलत नव्हतं. "आणि मी गप्प बसले" हे शेवटचे शब्द त्या स्थिर तोंडातून बाहेर पडत होते.

विनीने नजर काढून घेतली.

"अगं माझ्या बाई," डॉटी डोळे पुसत वर चढली आणि तिने मायराला मिठी मारली. "एवढं मनाला लावून घेतात का? आम्हाला काय परकी समजलीस?" कुणी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनीच वाजवल्या.

नाही, विनी म्हणाली. ती नाही, मी. तिचे ओठ हलले. टाळ्यांमुळे ऐकू आलं नसेल असं वाटून तिने पुन्हा म्हटलं. टाळ्या थांबल्या, आणि तिसऱ्यांदा म्हणताना तिने स्वतःचं मौन स्वतःच्या कानांनी ऐकलं.

ऑसगुड आपल्या चौथऱ्यावरून खाली उतरून थेट पायऱ्यांपाशी आले होते. आल्टोंचे चेहरे त्यांनी नीट न्याहाळले. त्यांची नजर विनीच्या ओठांवर थांबली. माणूस हुशार होता, कान तर त्यांचा पोटापाण्याचाच धंदा. त्यांच्या कपाळावर ती जुनी आठी आली.

"विनी," ते हळूच म्हणाले, "मला एकदा नक्की सांगा. घसरत होत्या त्या मायराच ना?"

विनीला आवाज नव्हता, पण मान होती. नकारार्थी हलवायला कितीसा वेळ लागतो? एक बोट स्वतःच्या छातीकडे वळवलं असतं तरी पुरलं असतं. साठ गायक, चाळीस वादक तिच्याकडे पाहत होते. डॉटीच्या खांद्यावरून मायराही पाहत होती, आणि तिचे डोळे पहिल्यासारखेच प्रेमळ होते, जणू विनी आता काय करते याची तिला मनापासून उत्सुकता होती.

विनीने मान डोलावली. हो.

"बरं," ऑसगुड म्हणाले. त्यांनी उसासा टाकला आणि जागेवर जाऊन हात वर केले. विनी खाली बसली. स्वर सुरू झाला, साठ तोंडं उघडली, तिनेही उघडलं. शेजारून तिला कितीतरी दिवसांनी ती बारीक शीळ ऐकू आली, लांबलचक, पोटभर घेतलेल्या श्वासाची. विनीने सवयीने मनात चार मोजले आणि श्वास घ्यायला गेली. मग थांबली. तिला आता त्याची गरज लागत नव्हती.